सातव्या वितीवरचा डबा

मी एका स्वयंपाकघरातला जुना ओटा आहे. जुना हा शब्द मी केवळ आपल्या सोयीसाठी वापरला, मित्रांनो. डोंगराच्या पोटात मी किती काळ काढला ह्याची गणती करायला तेथे कोणी नव्हते, आणि माणसांच्या घरात येऊन मला अवघी चाळीस वर्षे झाली आहेत. दगडांच्या पंक्तीत बसवले तर मी अजून पाळण्यातला म्हणायचा. तरीपण ह्या चाळीस वर्षांत मी जे पाहिले, ऐकले आणि अंगावर झेलले, ते डोंगराच्या पोटातल्या सगळ्या काळाहून अधिक आहे.

आपण विचाराल, दगडाला ही पुस्तकी भाषा कोठून आली? ह्या घरातील नात रोज संध्याकाळी माझ्या अंगावर वह्या पसरून मोठ्याने धडे वाचत असे. तिचे पाठांतर व्हायचे ते होवो, माझे मात्र चोख झाले. म्हणून आज धीर करून चार शब्द सांगतो.

माझा जन्म पांढऱ्या संगमरवराच्या खाणीत झाला. मला कापून, लादी करून एका कारखान्यात आणले गेले. माझ्या अंगावरून एक करडी रेघ आडवी जाते. गिऱ्हाईक येई, मला उभे करून पाही आणि नाक मुरडून म्हणे, "ह्याला तडा गेलाय." असे सात-आठ जणांनी म्हटल्यावर मलाही वाटू लागले की आपण जन्मतःच फुटके आहोत. मी भिंतीला तोंड करून धूळ खात उभा राहिलो.

त्या कारखान्यात दगड घोटून गुळगुळीत करणारा एक तरुण कारागीर होता. दिवसभर घोटणे हाच त्याचा उद्योग, म्हणून सगळे त्याला घोटूमामा म्हणत. त्याने एके दिवशी माझ्यावरची धूळ पुसली, त्या रेघेवरून नख फिरवले आणि मालकाला म्हटले, "साहेब, हा तडा नाही. नख कुठंच अडकत नाही. ही शीर आहे. जिवंत माणसाच्या हाताला नसते का, तशी."

मालक हसून म्हणाला, "मग घेऊन जा तुझा जिवंत माणूस. इथं जागा तरी होईल."

अशा प्रकारे मी घोटूमामांच्या घरी आलो. त्यांचे लग्न नुकतेच झाले होते. ओटा बांधण्याआधी त्यांनी बायकोला भिंतीजवळ उभे केले, हात कोपरात वाकवायला लावला आणि खडूने भिंतीवर खूण केली. ती बाई अंगाने ठेंगणी. त्यामुळे ओटाही ठेंगणाच झाला. "कंबर दुखायला नको तुझी," असे ते म्हणाले, आणि खरोखरच त्या बाईची कंबर पुढे कधी दुखली नाही. ही ठेंगणेपणाची गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

मला बसवल्यावर त्यांनी एकवीस दिवस मला घोटले. कारखान्यातून थकून येत आणि पुन्हा माझ्यापाशी उभे राहत. एका कापडी पिशवीत त्यांचे घोटण्याचे पाच दगड असत, खरबरीतापासून साईसारख्या मऊपर्यंत. एकविसाव्या दिवशी खिडकीचे गज माझ्यात दिसू लागले. तेव्हा त्यांनी हातातला बोळा खाली ठेवला.

त्यानंतर त्या घरात एक रीत पडली. सकाळी प्रथम कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून मला मऊ फडक्याने पुसायचे. मग साध्या पाण्याने, आणि मग कोरडे करायचे. पाण्याचा टिपूस राहू द्यायचा नाही. हे झाले की घोटूमामा खिडकीच्या टोकापासून भिंतीपर्यंत माझ्यावरून तळहात फिरवीत. मी अकरा विती लांब आहे. ते मनातल्या मनात विती मोजत जात. दहाव्या वितीनंतर, भिंतीला टेकून, पिठाचा मोठा पितळी डबा असे. तेथे हात पोहोचला की ते म्हणत, "जागा झाला बरं का दगड."

त्यांची पत्नी ह्यावर एकदा म्हणाली, "माझ्या तोंडावरून कधी इतक्या मायेनं हात फिरवला नाहीत."

"तुझ्या तोंडाला धार आहे," घोटूमामा म्हणाले. "बोटं कापतील."

अशी हसण्याखिदळण्यात वर्षे गेली. मुलगा झाला, माझ्यावर बसून वरणभाताचे घास खात वाढला, छापखान्यात नोकरीला लागला. इकडे घोटूमामांना काचबिंदू झाला. वैद्याने सांगितले, उशीर झाला आहे. जग त्यांच्यापुढून कडेकडेने मिटत गेले. कारखाना सुटला. पाच दगडांची पिशवी पलंगाखाली गेली. उरला तो फक्त सकाळचा तळहात. पूर्वी डोळ्यांनी पाहून जी खात्री होई, ती आता तेवढ्या अकरा वितींवर होऊ लागली. ते एकदा मुलाला म्हणाले होते, "मला आता ह्या घरात दोनच गोष्टी स्पष्ट दिसतात. तुझ्या आईचा आवाज आणि हा दगड."

मग मुलाचे लग्न झाले आणि सूनबाई घरात आली. उंच, शेलाटी, कामाला वाघीण. तिचे माहेर भांडी उजळणाऱ्यांचे. तांब्यापितळेची काळवंडलेली भांडी लोक तिच्या वडिलांकडे आणून देत आणि सोन्यासारखी घेऊन जात. त्या घरात एकच मंत्र होता: अर्धे लिंबू, चिमूटभर मीठ आणि मनगटाचा जोर. तेवढ्याने जगात काहीही उजळते, अशी तिची लहानपणापासूनची श्रद्धा होती.

पहिल्याच दिवशी घोटूमामा तिला चाचपडत माझ्यापाशी घेऊन आले. तिचा तळहात माझ्यावर ठेवून म्हणाले, "सूनबाई, हा माझा थोरला मुलगा. तुझा नवरा धाकटा."

सूनबाई हसली. तिचा हात गार होता.

"ह्याचं सगळं तुझ्याकडे आता," ते पुढे म्हणाले. "एकच सांगतो. ह्याला कधी..."

"अहो, पुरे!" सासूबाईंनी मध्येच कपबशी वाजवली. "पोरगी आत्ता आली, तिला चहा तरी घोटभर पिऊ द्या. दगडाचं पुराण कुठं पळून जातंय?"

ते पुराण पळून गेले नाही, परंतु सांगायचे राहून गेले. मित्रांनो, त्या वाक्याचा उरलेला भाग असा होता: आंबट लावू नकोस. लिंबू, शिरका, चिंच, काहीही आंबट संगमरवराला चाटून खाते. तीन शब्द चहाच्या पेल्यात बुडाले.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. तेलाच्या बाटलीचे बूच सैल होते. सूनबाईने ती रात्रभर माझ्यावर, मधोमध ठेवली. सकाळी उचलली तर खाली बांगडीएवढा काळपट डाग. तेल माझ्या अंगात उतरले होते. तिच्या काळजाचे पाणी झाले. सासऱ्यांचा थोरला मुलगा, आणि त्याच्या छातीवर डाग!

त्याच वेळी जर तिने कोरडे पीठ किंवा खाण्याचा सोडा त्यावर दाबून ठेवला असता, तर तेल बऱ्यापैकी बाहेर आले असते. परंतु तिला तिच्या घरचा मंत्र आठवला. दुपारी सगळे आडवे झाल्यावर तिने लिंबू कापले, मीठ घेतले आणि माझ्यावर वाकून अर्धा तास घासले. तिच्या कपाळाचा घाम माझ्यावर पडत होता. मी ओरडून सांगू इच्छीत होतो, "अगं, थांब! मी पितळ नाही!" पण दगडाला तोंड कुठले?

तिने फडक्याने पुसले आणि ती जागच्या जागी खिळली. तेलाचा डाग तसाच होता. वर त्याच्याभोवती, तळहाताएवढ्या जागेत, माझी चकाकी मेली होती. आरशावर कोणी श्वास सोडावा तशी ती जागा धुरकट झाली, आणि श्वास मात्र विरेना. तिने बोट फिरवले. बोटाला खरखर लागली. तिला सकाळचा तो तळहात आठवला.

तिने इकडेतिकडे पाहिले, भिंतीजवळचा पिठाचा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि त्या जागेवर ठेवून दिला. खिडकीपासून सातवी वीत.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारले, "हा डबा मधोमध का आणून ठेवलास?"

सूनबाई भाजी चिरता चिरता खाली मान घालून म्हणाली, "तिथं भिंतीला ओल असते आई. पिठाला कीड लागते. आमच्या माहेरी मधोमधच ठेवतात."

"असं होय? बरं झालं सांगितलंस," असे म्हणून सासूबाई गप्प झाल्या. एवढेच नव्हे, तर दुसऱ्या दिवशी शेजारणीलाही त्यांनी तो कीड न लागण्याचा उपाय सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोटूमामांचा तळहात निघाला. एक, दोन, तीन... सातव्या वितीला पितळ लागले. हात थांबला. सूनबाईने श्वास रोखला. हात डब्याला वळसा घालून पलीकडे गेला, आठव्या वितीपासून पुन्हा मोजत भिंतीपर्यंत पोहोचला. "जागा झाला बरं का दगड," ते नेहमीसारखेच म्हणाले. सूनबाईने सोडलेला सुस्कारा मला आजही ऐकू येतो.

आता जे सांगतो ते त्या वेळी फक्त मला ठाऊक होते. सूनबाई कपडे वाळत घालायला गेली तेव्हा घोटूमामा परत आले. त्यांनी डबा हलकेच उचलला. धुरकट जागेवरून तर्जनी फिरवली. डब्याच्या कडेला चिकटलेला मिठाचा खडा त्यांच्या बोटाला लागला. त्यांनी तो जिभेवर ठेवला, थोडा वेळ उभे राहिले, आणि ओठांच्या कडेने हसले. मग डबा होता तसा, तसूभरही न हलवता, परत ठेवला.

त्या दिवसापासून नऊ वर्षे तो डबा सातव्या वितीवर राहिला.

ह्या नऊ वर्षांत माझ्याइतकी सेवा कोणत्याही ओट्याची झाली नसेल. सूनबाई सर्वांच्या आधी उठे. मला पुसण्याचे काम तिने कोणाला करू दिले नाही. सासूबाईंनी फडके हातात घेतले की ती धावत येई, "राहू द्या आई, मी करते." सासूबाई शेजारणीला सांगत, "आमची सून कामाला हात लावू देत नाही. नशीब लागतं!" तो कौतुकाचा शब्द कानी पडला की सूनबाईचा चेहरा उतरे. शेजारणीला वाटे, काय विनयशील मुलगी! मला ठाऊक होते की तो विनय नव्हे. तिच्या प्रत्येक कौतुकाखाली एक डबा ठेवलेला होता.

तिची कंबर मात्र दुखू लागली. ओटा सासूबाईंच्या कोपराला बेतलेला, आणि ही त्यांच्याहून हातभर उंच. पोळपाटापाशी तासभर वाकल्यावर ती भिंतीला पाठ लावून उभी राही.

मध्यंतरी नात झाली. ती स्टुलावरून माझ्यावर चढे, म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. ती सात वर्षांची असताना एकदा अभ्यासाला जागा हवी म्हणून तिने डबा ढकलला आणि विचारले, "आई, दगड इथं आंधळा का आहे?"

सूनबाईच्या हातातले पातेले पडता पडता राहिले. "ठेव तो डबा जागेवर!" ती इतक्या जोराने ओरडली की खारूताई रडू लागली. मग आईच तिला पोटाशी धरून रडू लागली. खारूताई बिचारी रडायचे सोडून आईच्या तोंडाकडे पाहत बसली.

त्याच वर्षी मुलाने जेवताना विषय काढला. "हिची कंबर फार दुखते. मी ठरवलंय, हा ओटा काढून टाकू. नवीन काळा दगड बसवू, उंच. त्यावर म्हणे डागच दिसत नाही."

ताटात वाढणारा सूनबाईचा हात थांबला. घोटूमामांनी घास तोंडाशी नेला होता, तो परत ताटात ठेवला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "कंबर तिची आहे. तिला विचार."

सगळ्यांनी सूनबाईकडे पाहिले. मित्रांनो, तिच्या मनात काय चालले होते ते मी सांगू शकतो, कारण त्या दिवशी ती माझ्या काठाला गच्च धरून उभी होती. एक शब्द, फक्त "हो," आणि मी फुटून गाडीवर जाणार होतो. माझ्याबरोबर तो धुरकट डागही जाणार होता. मग ना डबा, ना भीती, ना सकाळचा तो रोखलेला श्वास. कंबरही बरी होणार होती. पण सासऱ्यांचा तळहात उद्या सकाळी कोठे जाणार होता?

"बघू," एवढेच ती म्हणाली.

मुलाने त्याचा अर्थ होकार असा घेतला. नवरे लोक बहुधा असाच घेतात.

चार दिवसांनी दगडांचा विक्रेता माप घ्यायला आला. तोंडात बडीशेप, कानावर पेन्सिल. फीत लावायला आडवा येतो म्हणून त्याने पितळी डबा उचलून बाजूला ठेवला. सूनबाई पुढे झाली, पण उशीर झाला होता.

"अरेरे!" तो मोठ्याने म्हणाला. "हा तर आंबटानं खाल्लाय! आणि तेलही मुरलंय. कोणी केलं हे? बाकी दगड बघा, लोण्यासारखा. असला घोटीव हात आता मिळत नाही. आणि मधोमध ही वाट लावली!"

मुलगा वाकून पाहू लागला. सासूबाईही आल्या. मग मुलगा आवाज खाली करून, विक्रेत्याला समजावावे तसा म्हणाला, "बाबांच्या हातून सांडलं असेल काहीतरी. त्यांना दिसत नाही ना."

घोटूमामा दारात उभे होते. ज्याने मला एकवीस दिवस घोटले, ज्याने आयुष्यात आंबटाचा थेंब माझ्या जवळ येऊ दिला नाही, त्या कारागिराच्या नावावर, एका परक्या माणसासमोर, हा डाग लागला. त्यांचा चेहरा क्षणभर ताठ झाला. मग त्यांनी मान हलवली.

"असेल," ते म्हणाले. "माझ्याच हातून झालं असेल. आता हात पूर्वीचा राहिला नाही."

"नाही!"

तो आवाज सूनबाईचा होता.

"मामंजी, तुम्ही नाही. मी केलं. नऊ वर्षांपूर्वी. तेल सांडलं होतं, ते काढायला मी लिंबू घासलं. आमच्याकडे भांड्यांना घासतात तसं. मला माहीत नव्हतं. मग डबा ठेवला वर. भिंतीला ओल नव्हती, कीड नव्हती, काही नव्हतं. मी खोटं बोलले."

ती रडत नव्हती. ती फक्त आपला उजवा हात डाव्या हाताने धरून उभी होती, जणू त्या हाताला शिक्षा व्हायची आहे.

प्रथम सासूबाई बोलल्या. "म्हणजे पिठाला कीड..."

"नाही आई."

"अगं बाई!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि मी नऊ वर्षं गल्लीभर सांगत सुटले! चार घरांत डबे मधोमध आलेत माझ्यामुळे! त्या बायका कामाला जागा नाही म्हणून रोज मला शिव्या देत असतील!"

विक्रेत्याला बडीशेपेचा ठसका लागला. मुलगाही हसला. सूनबाई मात्र सासऱ्यांकडे पाहत होती.

घोटूमामा पुढे आले. हात पसरून त्यांनी माझी कड शोधली आणि विती मोजत सातव्यापर्यंत आले. आज तेथे पितळ नव्हते. त्यांनी त्या खरखरीत जागेवर तळहात टेकवला.

"डबा चार विती अलीकडे आला, ते मला दुसऱ्याच सकाळी कळलं, सूनबाई," ते म्हणाले. "आणि मीठही लागलं होतं बोटाला."

"तुम्हाला माहीत होतं?" ती एक पाऊल पुढे आली. "मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तू सांगशील. आज सांगशील, उद्या सांगशील. मी आपला मोठेपणानं वाट बघत बसलो." त्यांनी तळहात उचलून त्या जागेवरून बोट फिरवले. "तेही चुकलंच माझं. त्या दिवशी मी बोललो असतो तर तेल वरच होतं. एका लेपात निघालं असतं. आता नऊ वर्षांचं मुरलंय. तू डबा ठेवलास आणि मी तो पुन्हा जागेवर ठेवला. दोघांनी मिळून खोल घातला हा डाग."

मग ते एकदम कामाच्या आवाजात म्हणाले, "तेल निघतं. वेळ लागेल. पण आंबटाचा डाग हा डाग नसतो, तो पोळल्याचा वण असतो. तो काढत नाहीत, घोटून सपाट करतात. खारूताई, पलंगाखालची पिशवी आण."

विक्रेत्याने फीत गुंडाळली. जाताना तो मुलाच्या कानात म्हणाला, "काळा दगड नंतरही मिळेल. हे आधी बघून घ्या."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होत. घोटूमामांनी सांगावे आणि सूनबाईने करावे. खाण्याचा सोडा आणि खडूची पूड पाण्यात कालवून तिने लोण्यासारखा दाट लेप केला, बोटभर जाडीने डागावर थापला. वर प्लास्टिकचा कागद, कडांना चिकटपट्टी, आणि सुईने पाडलेली चार भोके. "एक दिवस, एक रात्र हात लावायचा नाही," घोटूमामांनी बजावले. "मग कागद काढून लेप वाळू द्यायचा. वाळताना तो तेल वर ओढतो. घाई केलीस तर ते पुन्हा खाली जाईल." वाळलेला लेप तिने लाकडी उलथण्याने अलगद काढला. त्याची खालची बाजू पिवळसर झाली होती. तिने ती खारूताईला अशी दाखवली, जणू परीक्षेतला पहिला नंबर. असे पाच लेप झाले. पाचव्याला तेल जवळजवळ गेले.

मग घोटणे. पहिला खरबरीत दगड, भरपूर पाणी, गोल गोल हात. सूनबाईला ते जमेना; भांडी उजळण्याचा हात पुढेमागे जातो. तेव्हा घोटूमामांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला.

"हात माझा, डोळे तुझे," ते म्हणाले. "सांग, काय दिसतं?"

"धुरकट."

"मग चालू दे. ... आता?"

"अजून धुरकटच आहे मामंजी. तुम्ही दमलात."

"धुरकट असेपर्यंत मी दमत नाही. दुसरा दगड घे."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "बघा बघा, चाळीशीत माझ्याशी बोलायला वेळ नव्हता, आता म्हातारपणी जोर आलाय!"

बाराव्या दिवशी शेवटचा बोळा फिरला. सूनबाई खाली वाकली.

"काय दिसतं?" त्यांनी विचारले.

"खिडकीचे गज," ती म्हणाली.

संपूर्ण खरे सांगायचे तर वण पूर्णपणे गेला नाही. सायंकाळचे तिरपे ऊन पडले की तेथे एक पुसट सावली दिसते. सूनबाईने ते प्रामाणिकपणे सांगितले. घोटूमामा म्हणाले, "असू दे. हात मोजायला एक खूण लागते."

आणि ओटा? मुलाने गवंडी बोलावला, मला अलगद उचलून घेतले आणि माझ्याखाली विटांचे दोन थर चढवले. ह्या वेळी खडूची खूण सूनबाईच्या कोपराशी झाली. सासूबाईंना आता चहा करायला पाटावर उभे राहावे लागते. "पस्तीस वर्षं राज्य केलं," त्या कुरकुरतात, "आणि आता पाटावरून गादी चालवायची." पितळी डबा पुन्हा भिंतीशी गेला. गल्लीतल्या चार घरांत तो अजूनही मधोमधच आहे, कारण खरे काय ते सांगायला सासूबाईंची जीभ रेटली नाही.

घोटूमामांना जाऊन आता दोन वर्षे झाली. शेवटच्या आजारपणातही ते भिंतीला धरून सकाळी माझ्यापाशी येत. ज्या सकाळी ते आले नाहीत, त्या सकाळी मी बराच वेळ ओलाच राहिलो. मग सूनबाई आली. तिने मला कोरडे केले, डोळे मिटले आणि खिडकीपासून तळहात फिरवायला सुरुवात केली. सातव्या वितीला तिचा हात थबकला. भिंतीपर्यंत पोहोचून तिने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण शब्द उमटले नाहीत. तेव्हा पाटावर उभ्या असलेल्या सासूबाईच म्हणाल्या, "जागा झाला बरं का दगड."

मित्रांनो, माझी आपणांस फार मोठी मागणी नाही. माझ्यावर काही सांडले तर घासू नका, आधी टिपून घ्या. घासल्याने डाग पसरतो, टिपल्याने उचलला जातो. लिंबू कापायचे तर खाली लाकडी फळी घ्या. काथ्याने ओरबाडू नका, मऊ फडके पुरते. आणि इतके करूनही डाग पडलाच तर लाजू नका. ताजा डाग कोणाचाही निघतो.

मागच्या आठवड्यातली गोष्ट सांगून थांबतो. खारूताई आता बारा वर्षांची आहे. वह्या आवरताना तिच्या कोपराचा धक्का लागला आणि लिंबाच्या सरबताचा अख्खा पेला माझ्यावर उपडा झाला. पेला गडगडत खाली पडला. तो जमिनीवर अजून गोल फिरतच होता, आणि घरभर आवाज गेला होता:

"आई, मी सांडलं! लवकर ये!"

फडके घेऊन सूनबाई धावत आली. आई एका बाजूने टिपू लागली, लेक दुसऱ्या बाजूने. पेला थांबला तेव्हा मी कोरडा होतो.